ज्याचा त्याचा ऋतू

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या आसपास तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि बांधीच्या एका कोपऱ्यात धानाचे पऱ्हे टाकून झालेले असतात. तिसरीच्या वर्गात वनस्पतीचा पाठ निघतो. फळ्यावर खडूने एक रोप उभं राहतं. खाली मूळ, मधे खोड, बाजूला पान, वर फूल, त्याच्याशेजारी फळ. मुलं वहीत ते उतरवून घेतात आणि पाठ संपतो.

चित्रात चूक काहीच नाही. पण इथलं रान एवढं सगळं एका दिवशी दाखवत नाही. पळस फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसतं. मोहाला फळ धरतं तेव्हा फुलं केव्हाच वेचून, वाळवून झालेली असतात. म्हणून मला वाटतं, या मुलांना झाडाचे अवयव एका तासात शिकवू नयेत. ज्याच्या त्याच्या ऋतूत शिकवावेत, म्हणजे तो अवयव आपलं काम करत असताना.

मुळाचा ऋतू रोवणीचा. पऱ्हे उपटून, धुऊन, मुठी बांधून बांधीत नेतात. उपटताना बारीक मुळं तुटतात आणि लावलेलं रोप काही दिवस पिवळं, मलूल दिसतं. मग नवी मुळं फुटतात, चिखल धरतात आणि बांधी एकदम हिरवी होते. मूळ काय करतं याचं याहून स्वच्छ उत्तर कुठल्या पुस्तकात असेल? तुटलं तेव्हा रोपाला पाणी मिळेना, धरलं तेव्हा मिळू लागलं. आठ वर्षांच्या पोरालाही हे डोळ्यांनी दिसतं. एखादं रोप नंतर अलगद उपटून पाहिलं, तर मुळांवर गंजासारखा तांबूस थर असतो. चिखलात हवा जवळजवळ नसते. धान आपल्या पानांतून आणि खोडातून, आतल्या पोकळ वाटांनी, हवा मुळांपर्यंत पोचवतं. तिच्यातला थोडा प्राणवायू मुळाबाहेर झिरपतो आणि चिखलातलं लोह तिथे गंजतं. बहुतेक पिकं पाण्यात उभी राहिली तर सडतात, धान तरारतं, त्याचं कारण या तांबूस रंगात आहे.

खोडासाठी श्रावणातला तेरडा पुरे. त्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवली की काही वेळात लाल रेघा वर चढताना दिसतात. रानात दाखवायचा तो ऐन. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीच्या या झाडाच्या खोडात कधीकधी पाण्याचा साठा असतो, हे जंगलात फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. मुलांनी त्याला हात लावून पाहावं, कुऱ्हाड नव्हे. आणि वास्त्याची भाजी ज्या घरात शिजते, तिथल्या मुलाला विचारावं, आपण बांबूचं काय खाल्लं? ते बांबूचं कोवळं खोड आहे, हे ऐकून मुलं चकित होतात.

पुढे धान पोटरीवर येतं, निसवतं. धानालाही फूल असतं, हे अनेक मोठ्यांनाही माहीत नसतं. ते सकाळी उन्हं चढली की तासाभरापुरतं उघडतं, बारीक पुंकेसर बाहेर लोंबतात आणि टरफल पुन्हा मिटतं. त्या वेळी वर्ग बांधावर हवा. लोंबी निरखण्याचं मोल याच जिल्ह्यानं जगाला दाखवलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर छटेच्या काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपलं, पुन्हा पुन्हा पेरून पाहिलं. त्यातून बारीक दाण्याचं एचएमटी धान आलं आणि राज्याबाहेरही पसरलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांचं नाव या पाठात यायला हवं, कारण बघणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं सोपं करून कोणी सांगितलेलं नाही.

माघ-फाल्गुनात पळस. आणि मग मोह, ज्याच्यासाठी मी इतर सगळे पाठ आखडते घेईन. मोहफुलांच्या दिवसांत घरंच्या घरं पहाटे टोपल्या घेऊन रानात जातात आणि शाळेच्या हजेरीत गैरहजेरीच्या खुणा वाढतात. त्या मुलांना आपण बुडवे म्हणतो. खरं तर ती फुलाच्या पाठालाच गेलेली असतात. रात्री वटवाघळं मोहावर येतात, परागांची देवाणघेवाण होते. पहाटे खाली पडतो तो रसाळ पाकळ्यांचा पिवळट गोळा. बीजांडकोश मात्र वर, देठाशीच राहतो. म्हणून सगळी फुलं वेचून नेली तरी फळ धरतंच, आणि पावसाच्या तोंडावर त्याच्या बियांचं तेल निघतं. पाकळीचं काम संपलं की झाड ती सोडून देतं. वेचणाऱ्या मुलाला हे अर्धं माहीत असतं, उरलेलं अर्धं सांगायला शिक्षक हवा.

शाळा मुलांमागे जाऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रात जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडला गेल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं वर्गात येईनात, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मूल, सावली, सिंदेवाहीच्या गुरुजी-बाईंना तर कुरणापर्यंतही जायला नको, बांधी बहुधा शाळेच्या कुंपणालाच लागून असते.

गुरुजी, बाई, यंदा फळ्यावर रोप काढण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याकडून मूठभर पऱ्हे मागून आणा. तो नाही म्हणणार नाही. आणि चैत्रात मोह वेचून उशिरा आलेल्या मुलाला दाराशी उभं करू नका, त्याच्या टोपलीतलं एक फूल मागून घ्या आणि त्या दिवशीचा पाठ त्यालाच सांगू द्या.