दोन ऑक्टोबरची चांदणी

चांगलं वागणं ही मुळात फार कंटाळवाणी गोष्ट आहे. ती मुलांच्या गळी उतरवायची तर तिला काहीतरी वर्ख लावावा लागतो. आमच्या घरी वर्खाची पद्धत नव्हती. वडील डोळे वटारत, आजी "देव बघतोय हो वरून" म्हणे आणि आईच्या हाती लाटणं असे. तिन्ही उपाय बिनखर्चाचे. वर्ख मला पहिल्यांदा भेटला तो कॉन्व्हेंट शाळेत, आणि तोही सोनेरी.

ही गोष्ट १९६४ सालची. मी तिसरीत होतो. शाळा नन्सची, दादर-माहीमच्या मधे कुठंतरी. खरं तर ती मुलींची. पण चौथीपर्यंत मुलग्यांनाही घेत. चौथीनंतर मुलगे सुधारण्यापलीकडे जातात, असा त्यांचा अनुभव असावा. आमच्या वर्गाच्या सिस्टर मंगळूरकडच्या. इंग्रजी झरझर बोलत, पण रागावल्या की मराठीवर येत, आणि मग "तू असा कसा मुलगी आहे?" असं आम्हा मुलग्यांना विचारत. त्यामुळे त्यांच्या रागाची भीती अशी कधी वाटलीच नाही.

त्यांचा सगळा भर चांदण्यांवर होता. भिंतीवर एक लांबलचक तक्ता. डावीकडे आमची नावं, वर तारखा. दिवसभर शहाण्यासारखं वागलं, की शेवटच्या तासाला आपल्या नावापुढे सोनेरी कागदाची चांदणी. थोडं कमी शहाण्यासारखं वागलं, तर रुपेरी. आणि माझ्या बाकावरच्या शेजाऱ्यासारखं वागलं, तर नुसता पांढरा चौकोन. त्याच्या नावापुढे बहुधा अमावास्याच असे.

हा शेजारी वांद्र्याच्या गावठाणातला. ईस्ट इंडियन. त्याची आई लुगडं नेसून त्याला न्यायला आली आणि अस्सल मराठीत "पोरगा लय दांडगा हाय" म्हणाली, तेव्हा माझी आई चकितच झाली. ख्रिश्चन माणसं घरी इंग्रजी बोलतात, अशी आमच्या चाळीची पक्की समजूत. हे लोक इथलेच, मूळचे मुंबई-साष्टी-वसईचे, आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं, ही माहिती मला पुढे कळली. त्या वेळी मला एवढंच कळत होतं, की हा माझ्याच भाषेत माझ्यापेक्षा चांगल्या शिव्या देतो.

चांदण्यांच्या जोडीला एंजल होता. प्रत्येक मुलाच्या शेजारी त्याचा रक्षक एंजल अदृश्य रूपात बसलेला असतो, तेव्हा बाकावर त्याच्यासाठी थोडी जागा सोडून बसा, असं सिस्टर सांगत. एका बाकावर आम्ही तिघे. म्हणजे एंजल धरून सहा. माझी बरीचशी तिसरी बाकाच्या कडेला लटकत गेली. "हिंदू मुलांनाही एंजल असतो का?" असं मी विचारलं, तेव्हा सिस्टर "असतो, असतो" म्हणाल्या. घरी येऊन मी ही बातमी आजीला दिली. ती म्हणाली, "एकच? आपले तेहतीस कोटी आहेत. त्यांना जागा कुठं देणारेस?"

त्या वर्षी चांदण्यांचा भाव एकदम वधारला. नोव्हेंबरच्या अखेरीला मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस भरायची होती आणि तिच्यासाठी खुद्द पोप सहावे पॉल येणार होते. काँग्रेस म्हटल्यावर आमच्या चाळीला आधी कामराजच आठवले. पण तो घोळ लवकर निस्तरला. सिस्टरनी जाहीर केलं, की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ज्यांच्या सोनेरी चांदण्या सर्वांत जास्त, त्या पाचांना झेंडे घेऊन पोपच्या रस्त्यावर पहिल्या रांगेत उभं राहायला मिळेल.

मी आणि एक दोन वेण्यांची मुलगी पाचव्या जागेवर बरोबरीत होतो. १ ऑक्टोबरला, गुरुवारी, शेजाऱ्यानं ऐन प्रार्थनेत नाकानं बेडकाचा आवाज काढला. मी फिस्सकन हसलो. त्याला काही फरक पडायचा नव्हता; अमावास्येला आणखी काय काळं करणार? पण माझी चांदणी गेली आणि वेणीवाली एका चांदणीनं पुढे सरकली.

शाळा सुटल्यावर पाण्याची बाटली विसरली म्हणून मी परत वर्गात गेलो. फळा पुसायची पाळी शेजाऱ्याची. तो डस्टर झटकायला बाहेर गेला होता. टेबलावर चांदण्यांची डबी. आजच्या चौकोनात लावली तर सिस्टरना आठवेल, हे मला कळत होतं. पण उद्या तर मी चांगला वागणारच होतो! मग उद्याची आज घ्यायला काय हरकत आहे? वडील कचेरीतून पगाराचा ॲडव्हान्स आणत, हे मला ठाऊक होतं. मी एक सोनेरी चांदणी उचलली, जिभेवर ओली केली आणि उद्याच्या चौकोनात दाबून बसवली.

उद्या दोन ऑक्टोबर होता.

सिस्टरनी रविवार तेवढे गाळून सगळ्या तारखा आखल्या होत्या. गांधीजयंतीचा चौकोन वरपासून खालपर्यंत रिकामा, आणि बरोबर मधे माझी एकटीच चांदणी लखलखत होती. गंमत अशी, की कॅथलिक पंचांगात रक्षक एंजलांचा सणही दोन ऑक्टोबरलाच असतो. म्हणजे चोरीसाठी मी दिवस निवडला होता तो गांधीजी आणि एंजल, दोघांचा मिळून.

शनिवारी सिस्टरनी तक्त्याकडे पाहिलं. वर्गानंही पाहिलं आणि वर्ग हसला. मग वर्गानं निकाल दिला. मी तर शहाणा मुलगा; मी कशाला असं करीन? गुरुवारी शेवटी वर्गात कोण होतं? शेजारी! माझं नाव बदनाम करायला त्यानंच हे केलं! सिस्टर एवढंच म्हणाल्या, "ज्यानं लावली, त्यानं मला येऊन सांगायचं. मी थांबेन." सोमवारपासून शेजाऱ्याला लंगडीत कोणी घेईना. माझी मात्र चंगळ झाली. वेणीवालीनं माझं सांत्वन म्हणून मला अर्धी चिक्की दिली. ती मी खाल्ली. वाचकहो, साठ वर्षं झाली, ती चिक्की अजून दाढेत अडकलेली आहे.

मला शेजाऱ्याचा हेवा वाटायचा, तो त्याच्या कन्फेशनचा. सातव्या वर्षाच्या सुमाराला मुलाला बरंवाईट कळू लागतं, असं पोप दहावे पायस यांनी १९१० साली ठरवून दिलेलं. त्यामुळे कॅथलिक मुलं दुसरी-तिसरीतच फादरच्या कानात पापं सांगून, इस्त्री केल्यासारखी होऊन परत येत. ती धर्माच्या तासाला जात, तेव्हा आम्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स असे. त्यात जॉर्ज वॉशिंग्टन चेरीचं झाड तोडून खरं बोलला, ही गोष्ट होती. पण आपण तोडलेलं झाड कुठं नेऊन सांगायचं, याची सोय नव्हती.

बुधवारी मी शेजारच्या काकूंबरोबर माहीमच्या चर्चला गेलो. सेंट मायकेलच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं जातात. काकूंचे मुलीच्या लग्नासाठी नऊ बुधवार चालले होते. बाहेर मेणाचे हात, पाय, डोकी, घरं विकायला मांडलेली. जे दुखतं किंवा जे हवं, ते वाहायचं. मी विचारलं, "चांदणी आहे का?" विकणारा म्हणाला, "चांदणी नाय बाबा. तुला दुखतं कुठं, ते सांग." ते काही मला सांगता येईना. शेवटी मी मेणाचा हात घेतला, कारण काम हातानंच केलेलं. तो वाहिला. कुठंही काही कमी दुखलं नाही.

गुरुवारी मधल्या सुट्टीत सिस्टरपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "शनिवारपासून थांबले मी." मनात वॉशिंग्टन होताच. मी हळूच विचारलं, "सिस्टर, खरं सांगितलं त्याची चांदणी?" त्या हसल्या. "खरं बोलायची चांदणी नसते. ते फुकट करायचं." मग म्हणाल्या, "आता वर्गाला सांग. आणि ती चांदणी तिथंच राहील. मोजायची नाही, काढायची पण नाही."

वर्गाला सांगितलं. वेणीवालीनं चिक्की परत मागितली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. बाकावर येऊन बसलो, तर शेजारी म्हणाला, "मला ठाऊक होतं. त्या दिवशी तू दारात भेटलास, तेव्हा जीभ सोनेरी होती तुझी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी कशाला? ते तुझ्या एंजलचं काम."

हा मुलगा, ज्याच्या नावापुढे वर्षभर अमावास्या!

पुढे वाचनात आलं, की जेझुइटांनी १५९९ सालीच आपल्या शाळांचे नियम बांधले आणि त्यांत बक्षिसं आणि मुलांमुलांतली चुरस यांना मानाचं स्थान दिलं. मारायची वेळ आलीच, तर त्यासाठी संघाबाहेरचा माणूस नेमावा, असाही नियम केला. पुण्य आपल्या हातून, छडी दुसऱ्याच्या! मग डॉन बॉस्कोंनी १८७७ साली लिहिलं, की मुलांना शिक्षेनं नव्हे, समजुतीनं, धर्मानं आणि मायेनं सांभाळावं. सतत त्यांच्यात राहावं, म्हणजे चूक व्हायची वेळच येत नाही. सिस्टरनी ही पुस्तकं वाचली होती की नाही, देव जाणे. तक्ता त्यांचा चुरशीचा होता. पण मला सुधारलं ते त्यांच्या पाच दिवस थांबण्यानं. गुन्हेगार कोण हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं असणार. त्यांनी पकडलं असतं, तर मी चोर झालो असतो. त्या थांबल्या, म्हणून मला स्वतः चालत जाता आलं.

पहिल्या रांगेत अर्थातच वेणीवाली गेली. २ डिसेंबरला मी वडिलांच्या खांद्यावर बसून पोप पाहिले. म्हणजे काहीतरी पांढरं आणि एक हलणारा हात. भोवती अख्खी मुंबई लोटली होती, आणि तीही एकाही चांदणीशिवाय.

हल्ली माझी नात अशाच एका शाळेतून हातावर चमकती चांदणी लावून घरी येते. "कशाबद्दल गं?" विचारलं, की म्हणते, "शांत बसले म्हणून." मी आधी तिची जीभ बघतो. पण उपयोग नसतो. आताच्या चांदण्या मागून आपोआप चिकटतात; पुरावाच राहत नाही. मग मीही काही बोलत नाही. थांबतो.