लॅपटॉप, लाँच आणि बाबा

ऑफिसचा शेवटचा दिवस. आयडी कार्ड दिलं, ड्रॉवरची किल्ली दिली आणि चार वर्षं वापरलेला लॅपटॉपही परत केला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की, बॉस, आपल्याकडे स्वतःचा लॅपटॉपच नाही! आणि महिन्याभरात जायचंय जर्मनीला, मास्टर्स करायला.

घर मोऱ्याला. मोरा म्हणजे कुठे, हा प्रश्न मला चार वर्षं ऑफिसात रोज विचारला गेलाय. तर मंडळी, पनवेलच्या पुढे उरण आणि उरणहून रिक्षाने दहा मिनिटांवर मोरा. एक बंदर, एक कोळीवाडा, वाळत घातलेली मासळी आणि समोर पाण्यापलीकडे मुंबई. भाऊच्या धक्क्याहून लाँचने तासाभरात पोचता येतं. येताना डाव्या हाताला घारापुरी दिसते. तुम्ही पिकनिकला जाता ती. आम्ही तिच्याकडे बघत ऑफिसला जातो.

तर लॅपटॉप. एज्युकेशन लोन होतंच. पण जर्मनीला जायचं तर विद्यार्थ्याला खर्चाचे पैसे आधीच एका बंद खात्यात टाकून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. म्हणजे दहा लाखांच्या वर! त्यात तिकीट आणि जाडजूड जॅकेट धरलं. लॅपटॉपसाठी उरले तीस हजार.

‘अरे, तिकडेच घे ना, मस्त मिळतो,’ असा सल्ला देणारे मित्र प्रत्येकाला असतात. मलाही आहेत. पण जर्मनीत विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप जर्मन कीबोर्डचे. त्यात ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागांची अदलाबदल! चिन्हंही भलतीकडे. इतकी वर्षं बोटांना लागलेली सवय आणि पहिल्याच असाइनमेंटला ती मोडायची? शिवाय तिकडचा कर १९ टक्के. आपल्याकडे जीएसटी १८ आहे, म्हणजे त्यात फार फरक नाही. पण आपल्याकडे लॅमिंग्टन रोड आहे!

लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेले लॅपटॉप साफसूफ होऊन येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, अगदी आपण ऑफिसात बडवतो तेच. तीस हजारांत नवीन घ्यायला जाल तर खेळणं हातात पडेल. असा वापरलेला घेतलात तर मशीन मिळेल. माझा निर्णय पक्का होता.

बाबांचा नव्हता. त्यांनी कपाटातून पाकीट काढलं. साठ हजार. घराचा स्लॅब गळतो, त्याच्या कामासाठी दोन वर्षं साठवलेले. ‘नवीन घे. परदेशात जायचं नि दुसऱ्याचं वापरलेलं घेऊन? लोक काय म्हणतील रं?’

मी म्हटलं, ‘बाबा, तुमच्या बोटीचं इंजिन?’

बाबा गप्प. ते जन्मभर मासेमारीच्या बोटीवर इंजिन ड्रायव्हर. स्वतःची छोटी बोट घेतली, तेव्हा इंजिन सेकंडहँडच होतं. तेच पुढे चौदा वर्षं चाललं. मला वाटलं, जिंकलो. पण दुखावलेही असावेत, कारण पाकीट टेबलावरच राहिलं. मग रात्री जेवताना म्हणाले, ‘मीपण येतो बघायला.’

दिवस त्यांनीच ठरवला. पौर्णिमेनंतरची तृतीया होती. कोळ्यांचा हिशेब सोपा असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि साडेआठच्या आसपास ओहोटी. मोऱ्याच्या धक्क्याला गाळ फार. पाणी उतरलं की लाँच लागत नाही. ‘साडेपाचच्या आत परत लाँचमधी बसायचं,’ बाबांनी फर्मान काढलं.

आता उरणला लोकल आहे. १२ जानेवारी २०२४ ला ती आली आणि त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला. म्हणजे अडकलो तरी घरी येता येतंच. पण बाबा लोकलने मोऱ्याला यायला अजून तयार नाहीत.

लॅमिंग्टन रोडचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालंय. टॅक्सीवाल्याला मात्र ‘लॅमिंग्टन’च सांगावं लागतं. हा लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. बाबांना त्याच्याशी देणंघेणं नाही. त्यांच्यासाठी हा रस्ता म्हणजे मिनर्व्हा टॉकीज, जिथे १९७५ मध्ये लागलेला ‘शोले’ पाच वर्षं चालला. आता टॉकीज नाही. बाबा फुटपाथवर थांबून जागा शोधत राहिले आणि मी राउटरच्या खोक्यांमधून वाट काढत दुकान शोधत राहिलो.

पहिल्या दुकानात पंधरा हजारांचा मस्त चकचकीत आय-फाइव्ह मिळत होता. मोह झाला! पण मी गृहपाठ करून गेलो होतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हा होता सहाव्या पिढीतला. दिसायला हिरो, कागदपत्रं बाद! निघालो.

तिसऱ्या दुकानात हवा तो मिळाला. दहावी पिढी, १६ जीबी रॅम. स्क्रीन पूर्ण पांढरी करून काळे ठिपके शोधले. बिजागऱ्या उघडबंद केल्या. प्रत्येक की दाबली. आधीच्या कंपनीचा पासवर्ड बायॉसमध्ये राहिलेला नाही ना, ते रीस्टार्ट करून पाहिलं. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. मी खुश. दुकानदार खुश.

बाबांनी लॅपटॉप उचलला आणि जिथून गरम हवा येते तिथे कान लावला. दुकानातली पोरं हसली. मलाही थोडी लाजच वाटली, खोटं कशाला बोलू?

‘पंखा घासतोय,’ बाबा म्हणाले.

दुकानदाराने स्वतः ऐकलं. बाजूच्या कारागिरानेही ऐकलं. ‘चाचा बरोबर बोलले,’ तो म्हणाला. आत जाऊन त्याच मॉडेलचा दुसरा पीस आला. बाबांनी पुन्हा कान लावला. मान डोलावली.

पुढचं घासाघीस सेशन बाबांनीच घेतलं. बत्तीस हजार सांगितलेला लॅपटॉप साडेसत्तावीसला सुटला, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी आणि बॅगसकट. मी सीरियल नंबर टाकून पक्कं बिल घेतलं. तुम्हीही घ्या. आणि चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा, म्हणजे तिकडे फक्त पिनचा अडॅप्टर लागेल. आपली तीन पायांची पिन जर्मन सॉकेटमध्ये जात नाही. लॅपटॉप न्यायचा हँडबॅगेत. पॉवर बँकही तिथेच, चेक-इन बॅगेत चालत नाही.

या सगळ्यात वाजले पावणेपाच! टॅक्सी, ट्रॅफिक, भाऊचा धक्का, आणि शेवटी अक्षरशः धावत लाँच गाठली. बाबांनी बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तासभर मांडीवर धरून ठेवली. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. दिली नाही.

मोऱ्याला पोचेपर्यंत पाणी बरंच उतरलं होतं. लाँच खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्यांना लागली. मधल्या फटीत पाणी वरखाली होत होतं. रोज उडी मारतो मी इथे, पण त्या दिवशी पाय उचलेना. बाबा आधी उतरले, रिकाम्या हाताने. मग वळले आणि हात पुढे केले. मी बॅग दिली. मग त्यांनी एक हात मलाही दिला. बऱ्याच वर्षांनी धरला होता तो हात.

रात्री व्हिडिओ कॉलची टेस्ट घेतली. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर, आईबाबा ओटीवर मोबाइलवर. आई कॅमेऱ्याऐवजी माझ्या खोलीच्या दाराकडेच बघून बोलत होती. मी सांगितलं, आई, इकडे बघायचं. ती म्हणाली, ‘तू तिकडं हायस ना अजून?’ त्यावर मला काही सुचलं नाही.

बाबांनी मोबाइल कानाला लावला. ‘पंख्याचा आवाज नाय येत,’ म्हणाले.

साठ हजारांचं पाकीट दुसऱ्या दिवशी कपाटात परत गेलं. पावसाळा संपला की स्लॅबचं काम काढणार आहेत. मी तेव्हा इथे नसेन, पण मला कॉलवर दाखवायचं कबूल केलंय.