गोळी आणि यकृत

नैराश्यावरची गोळी लागू पडायला चार-सहा आठवडे जातात. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ अभ्यासात (२००६) सिटॅलोप्रॅम या पहिल्या गोळीने तिघांपैकी साधारण एकालाच पूर्ण आराम पडला. बाकीच्यांच्या नशिबी दुसरी गोळी आणि पुन्हा वाट पाहणं. ज्याला सकाळी अंथरूण सोडणंच जमत नाही, त्याला ‘अजून महिनाभर बघू’ हे ऐकणं फार जड जातं. नेमकी गोळी आधीच कळेल या आशेने जनुकचाचणीची ओढ लागते ती इथे, आणि ती मला अगदी रास्त वाटते.

•

लाळेतून किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यातून जनुकं वाचतात. त्यांतली कामाची मुख्यतः दोन: सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९. त्यांच्यापासून बनणारी एन्झाइम्स यकृतात औषध मोडतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन बरंचसं २सी१९च्या वाट्याला. पॅरॉक्सेटिन, नॉरट्रिप्टिलिन २डी६च्या. एन्झाइम मंद असलं तर नेहमीचाच डोस रक्तात साचतो, फार वेगवान असलं तर औषध अंगात टिकतच नाही. एवढंच ही चाचणी सांगते. मन कोणत्या गोळीने सावरेल, ते तिला कळत नाही. हा फरक पुसून चाचणी विकणाऱ्यांचा मला राग येतो.

•

स्वीडनमधली एक बाई. नॉरट्रिप्टिलिनचा दिवसाचा डोस सहसा १५० मिलिग्रॅमच्या वर जात नाही. हिला ५०० लागायचे. १९९३मध्ये कारण सापडलं: तिच्याकडे २डी६ जनुकाची जादा प्रत होती.

असा रुग्ण समोर बसला की पहिला संशय त्याच्यावरच येतो, की हा गोळ्या घेतच नसणार. या एका आळातून सुटका होणार असेल, तरी चाचणीचं मोल मोठं आहे.

•

अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा अभ्यास, २०२२. रुग्ण १,९४४. निम्म्यांच्या डॉक्टरांना जनुकांचा रिपोर्ट लगेच दिला, उरलेल्यांच्या डॉक्टरांना सहा महिन्यांनी. जनुकांशी न जुळणारी औषधं लिहिणं कमी झालं. पूर्ण बरं होण्यात सुरुवातीला थोडा फरक दिसला, चोविसाव्या आठवड्यापर्यंत तो उरला नाही.

•

रिपोर्टात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित जनुकंही असतात. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, त्यांवरून औषध ठरवू नका.

•

२सी१९ अगदी मंद असणारे लोक दक्षिण आशियात युरोपच्या तिप्पट-चौपट. अशांना सिटॅलोप्रॅम दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, असं अमेरिकेचं औषध प्रशासन सांगतं. हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. आपल्याकडे नेहमीच्या डोसानेच कुणाला मळमळलं, गरगरलं, तर घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ ते यकृताचंही काम असू शकतं. चाचणी परवडत नसेल तर थोड्या डोसाने सुरुवात करावी आणि पंधरा दिवसांत पुन्हा भेटावं. हे कुठल्याही गावच्या दवाखान्यात जमण्यासारखं आहे.

•

रिपोर्टात ‘नॉर्मल’ असलेलं एन्झाइमही दुसऱ्या औषधाने दबतं. नैराश्यावरचंच फ्लुऑक्सेटिन २डी६ दाबतं. पित्तावरचं ओमेप्राझोल २सी१९ दाबतं आणि रक्तातलं एस्सिटॅलोप्रॅम साधारण दीडपट होतं. मानसोपचारतज्ज्ञाने चालू औषधं विचारली तर पित्ताची गोळी सहसा कुणी सांगत नाही; ती औषधात धरलीच जात नाही.