‘आम्ही’ म्हणजे कोण?

“तुमचा रविवारचा अग्रलेख फार आवडला,” असं कुणी म्हणालं की मी नुसता आभार मानून मोकळा होतो. त्यांनी वाचलेलं असतं ते पुरवणीतलं माझं सदर, नावानिशी, फोटोसकट. हल्ली पेपरात जरा चढ्या आवाजात लिहिलेलं काहीही अग्रलेख ठरतं. व्हॉट्सअॅपवर तर कुणाचंही तिरमिरीत लिहिलेलं टिपण ‘आजचा जळजळीत अग्रलेख’ म्हणून फिरत असतं. आमच्या धंद्यात अग्रलेख ओळखायची खूण साधी आहे. आतल्या पानावर, बहुधा डाव्या हाताला, वर पेपरचं नाव, मग शीर्षक, मग मजकूर. आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. नावात ‘अग्र’ असूनही तो पहिल्या पानावर येत नाही. आलाच तर काहीतरी मोठं घडलंय असं समजावं, किंवा मालकांचं काहीतरी बिनसलंय असं.

सुरुवातीला मला अग्रलेखाला हात लावू दिला नव्हता. “स्फुटं लिही,” संपादक म्हणाले. स्फुट म्हणजे अग्रलेखाखालचं छोटं टिपण, दोनशे-अडीचशे शब्दांचं. विषय एसटीची भाडेवाढ, दहावीच्या निकालातली गुणांची खैरात, रस्ता रुंद करताना नगरपालिकेने पाडलेली झाडं असे. या कामाने हाताला चांगली शिस्त लागली. स्फुटात वळसा घ्यायला जागाच नसते. पहिल्या दोन वाक्यांत घटना, पुढे तिच्यातली खोच, आणि शेवटी आपण कुठे उभे आहोत ते. विद्वत्ता दाखवायला गेलं की जागा संपते.

पुढे अग्रलेख लिहायला लागलो तेव्हा कळलं की सात-आठशे शब्द ही खरी अडचण नव्हेच. अडचण ‘आम्ही’ची. अग्रलेखात ‘मी’ चालत नाही. ‘परवा बसने येताना दिसलं’ हे सदरात खपतं, इथे नाही. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं सगळं पेपरच्या मुखातून यावं लागतं. आणि पेपरचं मत आपलंच असेल अशी खात्री कुठे असते? आमच्या जिल्ह्यात गावागावांत दारूच्या दुकानांवर मतदान सुरू झालं, उभी बाटली की आडवी बाटली. पेपर आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंद करा म्हणणाऱ्या बायकांच्या बाजूने उभा. माझं मत असं की दुकान बंद झालं की हातभट्टीवाल्याचं फावतं. दुपारच्या बैठकीत मी ते बोललो, ऐकून घेतलं गेलं, आणि अग्रलेख नेमका माझ्याच वाट्याला आला. रिवाज खरं तर उलटा असतो, ज्याला पटत नाही त्याला दुसरा विषय देतात. त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. पण पटत नसलेली बाजू मांडताना मी कागद जास्त चाळले, ग्रामसभांचे ठराव मागवले, हातभट्टीच्या मुद्द्याला काय उत्तर देतात ते बायकांनाच विचारलं. स्वतःच्या मताचा अग्रलेख लिहिताना मी इतकी खातरजमा क्वचितच करत असे, कारण आपलं मत आपल्याला सिद्ध झाल्यासारखंच वाटत असतं. यालाही एक मर्यादा आहेच. न पटणारं मत पेपरचं म्हणून लिहिता येतं, खोटी माहिती पेपरची म्हणूनही लिहिता येत नाही.

नाव नाही म्हणजे जबाबदारी नाही, असा एक समज आहे. 1908 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून. पैकी पहिला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या हातचा होता, असं सांगतात. टिळकांनी कोर्टात दिवसचे दिवस स्वतः बाजू लढवली. हा लेख दुसऱ्याने लिहिला, असा बचाव मात्र केला नाही. सहा वर्षं मंडालेला काढली ती संपादकाने. बारा वर्षांनी चित्र उलटं दिसतं. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघाला, त्यावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं आणि आतली लेखणी बाबासाहेब आंबेडकरांची. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. अंकावरच्या नावाने कोर्टात जायचं आणि आतल्या लेखणीने लिहायचं, ही वाटणी आमच्याकडे जुनी आहे.

तरीही मराठी वाचकाने या बिननावाच्या मजकुराला नाव दिल्याशिवाय कधी सोडलं नाही. ‘मराठा’तला अग्रलेख म्हणजे अत्र्यांचा अग्रलेख. ‘महाराष्ट्र टाइम्स’चा म्हणजे तळवलकरांचा, गोविंदराव 1968 पासून 1996 पर्यंत त्या खुर्चीत होते, तेवढ्या काळात एक आख्खी पिढी तो वाचत मोठी झाली. ‘नवाकाळ’च्या नीलकंठ खाडिलकरांना तर ‘अग्रलेखांचा बादशहा’ अशी पदवीच मिळाली. ते कृष्णाजी प्रभाकरांचे नातू. आजोबांच्या अग्रलेखावर त्यांचं नाव नव्हतं आणि शिक्षा दुसऱ्याला झाली. नातवाच्या वेळी मात्र लोकांनी बादशहा ठरवला तो एकच माणूस. नीलकंठरावांची वाक्यं छोटी, सोपी, गिरणीतल्या माणसाने मोठ्याने वाचली तरी अडखळू नये अशी. त्यांना नाकं मुरडणारे बरेच होते. मीही तरुणपणी मुरडायचो. पण तेवढं सोपं लिहायला बसलं की कळतं.

वाचकाच्या या नाव देण्याच्या सवयीचा फटका बसतो सहायक संपादकाला. त्याने लिहिलेल्या अग्रलेखाबद्दल शाबासकी संपादकाला मिळते, समारंभात हारही संपादकाच्याच गळ्यात पडतो. मला याचं वाईट वाटायचं. नंतर शिव्याही त्यांच्याच नावाने येतात हे पाहिलं, आणि हिशेब बरोबर वाटू लागला.

लिहिण्याच्या बाजूने सांगायचं तर अग्रलेखाला दोन रोग जडतात. पहिला ‘गरज आहे’चा. गांभीर्याने विचार करण्याची गरज आहे, पावले उचलण्याची गरज आहे. कुणी उचलायची, केव्हा, किती, यातलं काही नाही. क्रियापदाला कर्ता दिला की निम्मा अग्रलेख सुधारतो, कारण कर्ता लिहायचा तर कलेक्टर, मंत्री किंवा कारखान्याचा चेअरमन यांच्यापैकी कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं. दुसरा रोग ‘काळच ठरवेल’. माझे पहिले संपादक या वाक्यावर लाल रेघ मारत आणि म्हणत, “काळ आपल्या पगारावर नाही, त्याला काम सांगू नकोस.”

शीर्षकावर मराठीत जितका जीव टाकतात तितका मजकुरावर टाकत नाहीत, आणि ते फार चुकीचंही नाही. जुलै 1897 मधल्या टिळकांच्या अग्रलेखातला मजकूर आज किती जणांना सांगता येईल? ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे शीर्षक मात्र शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्यातलं काम शेवटचं ‘काय’ करतं. ते काढून ‘ठिकाणावर नाही’ असं विधान केलं असतं तर ती नुसती शिवी झाली असती.

अग्रलेख वाचून लोकांचं मत बदलतं, असं मला आता वाटत नाही. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. त्याआधी ‘गोमन्तक’ महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही दैनिकं मराठी. कोणता पेपर काय म्हणणार हे वाचकाला उघडण्यापूर्वीच ठाऊक. तरी तो उघडायचा, कारण संध्याकाळी चारचौघांत वाद घालायला त्याला मुद्दे आणि वाक्यं हवी असायची. मत त्याचं असतं, शब्द आम्ही पुरवतो. हे काही कमी काम नाही. ते करताना समोरच्या बाजूच्या वाचकाला निदान आपलं म्हणणं नीट मांडलं गेलंय, चेष्टेवारी नेलेलं नाही, एवढं वाटलं तर फार झालं.

आणीबाणी लागल्यावर जून 1975 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. सेन्सॉरला तिचा अर्थ लगेच कळला, कारण ती जागा कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एखाद्या स्तंभलेखकाचा रकाना कोरा सुटला असता तर लोकांना वाटलं असतं, बुवा आजारी दिसतात. उलट मार्च 2016 मध्ये ‘लोकसत्ता’ने ‘असंतांचे संत’ हा मदर तेरेसांवरचा अग्रलेख छापून झाल्यावर मागे घेतला. तेव्हा वाद झाला तो दबावाचा आणि माघारीचा. माझ्या मनात आलेली शंका कारागिराची होती. सहीचा लेख लेखक मागे घेऊ शकतो, संपादक त्यापासून हात झटकू शकतो. ‘व्यक्त झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ त्यासाठीच छापतात. अग्रलेखाखाली ती ओळ छापायची सोय नाही. ‘आम्ही’ एकदा बोललं की ते मागे घ्यायलाही ‘आम्ही’लाच यावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा अग्रलेख द्यावाच लागतो, संध्याकाळी पान सुटायच्या आत.