चार दिवसांचा पास आणि देवगिरी

मुंबईत कन्नमवारनगरातल्या आमच्या घरात अजिंठा-वेरूळचा विषय दर दिवाळीला निघायचा आणि गाडीभाड्याच्या आकड्यापाशी थांबायचा. 2024च्या जानेवारीत तो मार्गी लागला, एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासमुळे. 1988पासून चालू असलेल्या या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि तेवढ्या मुदतीत एसटीने हवं तिथे फिरायचं.

पास काढण्याआधी मी कागदावर हिशेब मांडला. साध्या बसचा चार दिवसांचा पास तेव्हा 1170 रुपयांना होता, लहान मुलांना निम्म्यात. साध्या बसचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला 8 रुपये 70 पैसे, म्हणजे किलोमीटरला दीड रुपयाला थोडं कमी. साधारण आठशे किलोमीटरच्या पुढे प्रवास झाला, तरच पास फायद्याचा. आमची फेरी साडेनऊशेच्या आसपास जात होती. म्हणून माझा आणि मुलाचा पास काढला. बायकोचा मात्र नाही. मार्च 2023पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्याने तिचा सगळा प्रवास सातशेच्या आत बसत होता. घरातल्या प्रत्येकाचा हिशेब असा वेगळा करावा, सरसकट पास काढू नयेत.

वारही जपून निवडले. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणून शुक्रवारी निघालो आणि नाशिकमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठलं. पास असला तरी जागा राखून मिळत नाही, त्यामुळे लांबच्या टप्प्यांचं आरक्षण वेगळे पैसे भरून आधीच केलं होतं. मूल सोबत असताना तिथे काटकसर नको.

पासची खरी किंमत शनिवारी कळली. वेरूळला जाताना वाटेत दौलताबादला उतरलो. यादवांच्या देवगिरीचा तो ताशीव कडा, खंदक, ‘अंधेरी’ नावाची काळोखी भुयारी वाट, 1445मध्ये बांधलेला चांदमिनार. मुलाचा पाय तिथून निघेना. भाड्याची गाडी असती तर चालकाने घड्याळ दाखवलं असतं. इथे घाई नव्हती, मागून येणारी कुठलीही साधी एसटी आमचीच होती. दुपारी वेरूळला पोहोचलो आणि कैलास लेण्यासमोर उभे राहिलो. वरून खाली कोरत आणलेलं हे अख्खं मंदिर पाहताना मुलगा विचारत राहिला, पहिला घाव कुठे घातला असेल? रविवारी अजिंठा पाहिला, सोमवारी परतलो.

पासमुळे माझे दोनेकशे आणि मुलाचे शंभरेक रुपये वाचले. आकडा मोठा नाही. पण चार दिवसांचा प्रवासखर्च निघण्याआधीच ठरलेला होता, हे आमच्यासारख्या घराला फार महत्त्वाचं. पॅरिससारख्या शहरात पर्यटकांचा पास संग्रहालयांच्या दारातले पैसे वाचवतो, कारण तिथे प्रवेशच महाग. आपल्याकडे उलट आहे. अजिंठा आणि वेरूळ प्रत्येकी 40 रुपये, दौलताबाद 25, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश मोफत. दार स्वस्त, दारापर्यंतची वाट महाग. पैसे वाचवायचे ते वाटेत.

जानेवारी 2025मध्ये एसटीची भाडेवाढ झाली, तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे धरू नका. पासच्या किमतीला किलोमीटरच्या भाड्याने भागा आणि आपली फेरी त्याहून मोठी आहे का ते पाहा. आहे असं दिसलं, तर ओळखपत्र घेऊन आगारात जा आणि मुलांना नक्की सोबत न्या. देवगिरी आणि कैलास पुस्तकातल्या चित्रात मावत नाहीत, आणि ते पाहण्याचा हक्क स्वतःची गाडी असलेल्यांपुरता नाही.