ओळीची ओळख

३००४ हा आकडा दिसला की आमच्या टीममधल्या नव्या मुलांचे चेहरे उतरायचे. एंटिटी फ्रेमवर्कच्या डिझायनरमध्ये सगळं चित्र नीट दिसतंय, चौकोन जागेवर, त्यांना जोडणाऱ्या रेघा जागेवर, आणि बिल्ड केलं की खाली ‘प्रॉब्लेम इन मॅपिंग फ्रॅगमेंट्स’ असा सुरू होणारा लांबलचक मजकूर. बहुतेक जण पहिले चार शब्द वाचून थांबायचे आणि अंदाजाने चित्रात काहीतरी हलवायला लागायचे. मी त्यांना तो मजकूर शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावायचे. फाइलमधली कितवी ओळ, कुठल्या संचातल्या कुठल्या प्रॉपर्टीला जोड दिलेली नाही, आणि कुठल्या परिस्थितीत ती नोंद ‘राउंड-ट्रिप’ होणार नाही, हे सगळं त्यात असतं.

राउंड-ट्रिप म्हणजे प्रोग्रामने एखादी नोंद डेटाबेसमध्ये ठेवली आणि पुन्हा वाचली, तर ती जशीच्या तशी परत यायला हवी. सर्गेई मेलनिक, अतुल आद्या आणि फिलिप बर्नस्टाइन या तिघांचा २००७ सालचा एक शोधनिबंध आहे, ऑब्जेक्ट आणि टेबल यांच्यातल्या मॅपिंगचं ‘कंपायलेशन’ कसं करावं यावर. एंटिटी फ्रेमवर्क २००८ मध्ये बाहेर आलं ते याच विचाराचा आधार घेऊन. मॅपिंग तुम्ही फक्त घोषित करायचं. त्यावरून वाचण्याचे आणि लिहिण्याचे नियम ते स्वतः तयार करतं, आणि माहिती कुठे हरवणार असेल तर काम सुरू होण्याआधीच अडवतं. हे कळल्यापासून मला ३००४ चा कधी राग आला नाही.

आमचं काम होतं सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाचं. संघाचा डेटाबेस जुना, एसक्यूएल सर्व्हरवरचा, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी वाढवलेला. त्यावर नवा प्रोग्राम बसवायचा, तर आधी एडीएमएक्स फाइल तयार करावी लागते. या फाइलचे तीन भाग असतात: डेटाबेसमध्ये काय आहे त्याचं वर्णन, प्रोग्रामला काय दिसावं त्याचं वर्णन, आणि या दोघांची जोडणी. डिझायनरचं चित्र यातला फक्त दुसरा भाग दाखवतं. म्हणून चित्रात सगळं ठीक असतं आणि तरी एरर येते. मी अशा वेळी चित्र बंद करून तीच फाइल एक्सएमएल एडिटरमध्ये उघडते आणि तिन्ही भागांत त्या एकाच कॉलमचं नाव शोधते. निम्म्याहून जास्त भांडणं तिथेच मिटतात.

उदाहरण पावती क्रमांकाचं. जुन्या टेबलात तो स्मॉलइंट होता, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे जाणार नाही. मोठ्या संस्थेत रोज दोन वेळा शेकडो पावत्या फाटतात, तिथे हे क्रमांक वर्षभरही पुरत नाहीत. संघाच्या माणसाने कॉलम इंट केला, आम्ही ‘अपडेट मॉडेल फ्रॉम डेटाबेस’ चालवलं आणि २०१९ क्रमांकाची एरर आली: इंट१६ आणि इंट जुळत नाहीत. अपडेट करताना पहिला भाग बदलतो, पण दुसऱ्या भागात आधीपासून असलेल्या प्रॉपर्टीचा प्रकार टूल आपणहून बदलत नाही. तो आपण इंट३२ करायचा, संपलं. डेटाबेसमधून कॉलम काढला तर प्रॉपर्टी मागे राहते आणि ११००९ येते, तेही तसंच. चित्रातून चौकोन पुसताना पहिल्या भागातलं टेबल ठेवलं, तर पुढच्या वेळी ते ‘अ‍ॅड’च्या यादीत दिसतच नाही, कारण टूलच्या लेखी ते आधीच आहे, हे माहीत नसलं की माणूस तासन्‌तास टेबल शोधत बसतो. या साऱ्या बोलक्या एरर. त्या वेळ खातात, पण फसवत नाहीत.

फसवलं ते एका साध्या इशाऱ्याने. तो लाल नव्हता, त्याने बिल्ड अडवलं नाही, आणि त्याचा परिणाम दिसला तो थेट गावात.

संघाशी जोडलेल्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. नव्या प्रोग्रामवरून उत्पादकांना दहा दिवसांचा संकलन उतारा छापून दिला जात होता. ते म्हणाले, “मॅडम, उताऱ्यात माझ्या म्हशीचं फॅट सकाळी ६.८ आन् संध्याकाळी पण ६.८. दूध पण पॉइंटाला पॉइंट सारखं. असं रोजच कसं हुईल? संध्याकाळचं फॅट चढच लागतंय.” मी विचारलं, बिलाची रक्कम? “बिल बरोबर हाय. पर उतारा आन् बिल जुळत न्हाई, म्हणून माणसं माझ्या दारात उभी हायत.”

ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्याच्याजवळ आपल्या दुधाचा पुरावा म्हणजे हा उताराच. तो चुकला, तर मोजणाऱ्या माणसावरचा विश्वास जातो, आणि गावात तो माणूस म्हणजे सचिव. आमच्या प्रोग्राममधल्या दोषाचा संशय त्यांच्यावर यावा हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. उतारे छापणं त्याच दिवशी थांबवलं आणि शोधायला बसलो.

बिल बरोबर होतं, कारण त्याची बेरीज डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये होत होती. उतारा एका व्ह्यूवरून एंटिटी फ्रेमवर्कमार्फत येत होता. प्रोफायलर लावून प्रोग्रामने पाठवलेली क्वेरी पकडली आणि तीच मॅनेजमेंट स्टुडिओत चालवली. तिथे सकाळ ६.८, संध्याकाळ ७.४, अगदी बरोबर. म्हणजे डेटाबेस खरं सांगतोय, आणि प्रोग्रामच्या हाती येईपर्यंत संध्याकाळच्या जागी सकाळ उभी राहतेय. जे उत्पादक दिवसातून एकदाच दूध घालत होते, त्यांचे उतारे मात्र निर्दोष होते. मला पहिला धागा इथे मिळाला. मग त्याच क्वेरीला ‘अ‍ॅज-नो-ट्रॅकिंग’ जोडून पाहिलं. संध्याकाळ परत आली.

ट्रॅकिंग चालू असताना फ्रेमवर्क प्रत्येक ओळीची की बघतं. त्या कीची वस्तू आधीच मेमरीत असेल, तर नवी ओळ उलगडतही नाही, जुनीच वस्तू हातात देतं. शाळेच्या हजेरीपटात दोन मुलांना एकच क्रमांक पडला, तर दुसऱ्याच्या वेळीही पहिलाच ‘हजर’ म्हणेल, तसं. टेबलाच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण टेबलाला प्रायमरी की असते. व्ह्यूला ती नसते. मग टूल स्वतःच अनुमान करतं: जे कॉलम नल होऊ शकत नाहीत, ते सगळे मिळून की. आणि तसं केल्याचा ६००२ क्रमांकाचा इशारा फाइलच्या पहिल्या भागात टिपणी म्हणून लिहून ठेवतं.

आमच्या व्ह्यूमध्ये नल न होणारे कॉलम चार होते: संस्था, सभासद, दिनांक, दुधाचा प्रकार. सत्राचा कॉलम ‘केस’ लिहून तयार केला होता, एम असेल तर सकाळ, ई असेल तर संध्याकाळ, आणि शेवटी ‘एल्स’ नव्हतं. त्यामुळे एसक्यूएल सर्व्हरच्या हिशेबात तो नल होऊ शकत होता, प्रत्यक्षात कधीच झाला नसला तरी. तो कीमधून गळला, आणि एका सभासदाचं एका तारखेचं दोन वेळचं म्हशीचं दूध टूलच्या दृष्टीने एकच ओळ झालं.

उपाय व्ह्यूमध्येच केला. ‘केस’भोवती इझनल घातलं. इथे इझनलच लागतं. कोअलेस वापरलं तर कॉलम नल होऊ शकणाराच मानला जातो आणि मेहनत फुकट जाते. मॉडेल पुन्हा अपडेट केलं आणि लगेच लाल अक्षरं आली: एरर ३००२, टेबलाच्या कीचा भंग होण्याची शक्यता. पहिल्या भागात की पाच कॉलमांची झाली होती, दुसऱ्या भागात अजून चारच होते. गप्प बसलेली चूक आता बोलायला लागली होती, आणि मला खरोखर आनंद झाला. चित्रात सत्राच्या प्रॉपर्टीला ‘एंटिटी की’ खरं केलं, बिल्ड झालं. उतारे पुन्हा छापले आणि बिलाशी एक-एक ओळ ताडून मगच गावोगावी पाठवले. सचिवांना मी स्वतः फोन करून सांगितलं की दोष प्रोग्राममध्ये होता, मापात नव्हता, आणि संघाकडून तसं पत्रही सगळ्या संस्थांना घालायला लावलं.

पुढे एंटिटी फ्रेमवर्क कोअर आलं. त्यात एडीएमएक्स नाही, आणि ३.० पासून व्ह्यूला ‘हॅज-नो-की’ असं स्पष्ट सांगता येतं. अशा ओळींचं ट्रॅकिंगच होत नाही. अनुमान करण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे असं माझं मत आहे. पण संघाचा तो प्रोग्राम जुन्या पद्धतीवरच चालू आहे, आणि त्यात नवा व्ह्यू घालायचा झाला की मी आधी ६००२ शोधते, आणि मग ज्यांच्या कामाचा तो व्ह्यू आहे त्यांच्याकडे जाते: तुमच्या लेखी एक नोंद दुसरीपासून वेगळी कशाने?

टँकरच्या व्ह्यूच्या वेळी आमच्या एका मुलाने टँकर क्रमांक, शीतकरण केंद्र, दिनांक आणि सत्र असे चार कॉलम धरले होते. कागदावर ते पुरेसे वाटत होते. शीतकरण केंद्रावरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, “सणाच्या आधी दूध वाढतं तेव्हा एकच टँकर सकाळच्या सत्रात दोनदा भरून जातो की.” व्ह्यूमध्ये खेप क्रमांक नव्हता. तो मूळ टेबलातून आणून पाचवा कॉलम केला आणि मगच व्ह्यू मॉडेलमध्ये घेतला.