न विचारतां केलेली दुरुस्ती

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणींच कळून चुकते. काम चांगलें असलें म्हणजे तें कसेंही केलें तरी चालतें, असें नाहीं. थोरल्या जावेनें लावलेलें फडताळ धाकट्या जावेनें तिला न विचारतां नव्यानें लावलें, आणि तें पूर्वींपेक्षां खरोखरीच सोईचें झालें, तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं साखरेचा डबा सांपडत नाहीं; आणि साखरेबरोबर आणखीही कांहीं तरी हरवतें, तें डब्याइतकें लौकर परत मिळत नाहीं. हा न्याय आजवर स्वयंपाकघर, देवघर आणि जमाखर्चाची वही एवढ्यापुरताच लागू होता. अलीकडे तो दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा पेटीलाही लावण्याची वेळ आली आहे.

ती पेटी म्हणजे राउटर. बाहेरून आलेली इंटरनेटची तार तिच्यापाशीं येऊन थांबते, आणि तेथून पुढें घरांतल्या प्रत्येक मोबाईलला व संगणकाला ज्याचें त्याला पोंचतें करण्याचें काम ती करते. वाड्याच्या देवडीवर पूर्वीं पहारेकरी बसे, तीच ही जागा. या पहारेकऱ्याच्या डोक्यांत जी आज्ञावली भरलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. तींत दोष निघतात, चोरांना फटी सांपडतात, म्हणून ती पेटी करणारी कंपनी वेळोवेळीं नवी आवृत्ति पाठविते. पुष्कळ पेट्यांत ही आवृत्ति आपोआप, बहुधा घर झोपलें असतां, लागते. पहारेकरी रात्रीं निजतो तो एक, आणि सकाळीं उठतो तो दुसराच. वेष मात्र तोच.

आमच्या घरीं तीन पिढ्यांची मिळून अकरा माणसें आहेत. एवढ्या माणसांचें एका तारेवर चालावयाचें, तर कांहीं करारमदार हवेतच. आमच्या धाकट्या बंधूंनीं दोन रविवार खर्चून ते त्या पेटींत बसविले होते. मुलांच्या मोबाईलची वाट रात्रीं दहाला बंद व्हावी. धाकट्या सूनबाईंचें कचेरीचें काम घरून चालतें, त्या वेळीं त्यांना अग्रक्रम मिळावा. पाहुण्यांसाठीं निराळें दार असावें, म्हणजे त्यांना घरच्या कागदपत्रांपर्यंत जातां येऊं नये. आणि आईच्या टॅब्लेटवर कीर्तन ऐकतांना मध्येंच भलत्यासलत्या जाहिराती येऊं नयेत. प्रत्येक कलमामागें थोडी कुरकूर, थोडी समजूत आणि शेवटीं सर्वांची संमति होती. दुसऱ्या कोणाला तीं नुसतीं सेटिंगें वाटतील. आमच्या दृष्टीनें तो घरांतला तह होता.

याच तहांत आणखी एक कलम होतें. अण्णांचें वय चौऱ्यांयशीं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आधारावांचून उठूं नये, अशी त्यांना डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणून त्यांच्या उशाशीं वायफायवर चालणारी एक लहान घंटा ठेवलेली असे. ती दाबली कीं आम्हां दोघां भावांचे मोबाईल वाजत. घंटा जुन्या घडणीची होती. तिला एकाच लहरीचें जाळें आणि एकच जुनी संरक्षणपद्धति समजे. बंधूंनीं तिच्यासाठीं म्हणून एक वेगळें नांव राखून ठेवलें होतें.

गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं कंपनीची नवी आवृत्ति आली. आपोआप सुधारणा नको, असें सांगणारा खटका बंद केलेला होता. तरीही ती आली. तिनें दोन्ही जाळीं एका नांवाखालीं आणलीं, संरक्षणाची नवी पद्धति लावली आणि आमचीं सर्व कलमें पुसून पाटी कोरी केली. नवी पद्धति जुनीपेक्षां अधिक बळकट होती, हें मी नाकारीत नाहीं. पण घंटेला ती कळत नव्हती. पहांटे तीनच्या सुमारास अण्णांना उठावयाचें होतें. सहाला मी नेहमींप्रमाणें चहा घेऊन गेलों, तेव्हां ते डोळे उघडे ठेवून पडून होते.

"अण्णा, हांक कां नाहीं मारली?" मीं विचारलें.

"घंटा तीनदां दाबली," ते म्हणाले. "मग वाटलें, दमलां असाल तुम्ही सगळे."

त्यांच्या आवाजांत तक्रार नव्हती, आणि तेंच ऐकवेना. यंत्र बिघडलें असेल, अशी शंका त्यांना आली नव्हती. त्यांना आम्हीच थकलेले वाटलों. कंपनीच्या दफ्तरीं त्या रात्रीची नोंद 'सुधारणा यशस्वी' अशीच झाली असेल.

असें अनेकांच्या बाबतींत घडतें. २०१२ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस लिंक्सिस या प्रसिद्ध नांवाच्या कांहीं राउटरांवर अशीच एक आवृत्ति आपोआप गेली. लिंक्सिस तेव्हां सिस्को कंपनीच्या मालकीची होती. सकाळीं लोक आपल्याच पेटीचीं सेटिंगें पाहूं लागले, तों ती घरांतल्या घरांत पूर्वींसारखी उघडेना. कंपनीच्या दूरच्या संगणकावर खातें उघडा, असें ती सांगूं लागली. मोठा गवगवा झाला, आणि थोड्याच दिवसांत कंपनीला मागें परतण्याची वाट लोकांना द्यावी लागली. पैसे मोजून आणलेली वस्तु नक्की कोणाची, हा प्रश्न त्या निमित्तानें पुष्कळांना पहिल्यांदा पडला.

गंमत अशी कीं, या दुखण्यावरचें औषधही लिंक्सिसच्याच घरांतून निघालें होतें. २००२ च्या अखेरीस तिचा डब्ल्यूआरटी ५४ जी हा राउटर बाजारांत आला. त्याच्या पोटांत लिनक्स ही, सर्वांना पाहण्यास व बदलण्यास मोकळी असलेली, प्रणाली वापरलेली आढळली. तिच्या परवान्याची अट अशी कीं, जो ती वाटील त्यानें तिची मूळ संहिताही द्यावी. लोकांनीं ती अट दाखविली आणि २००३ सालीं कंपनीनें संहिता खुली केली. २००४ मध्यें त्या पायावर ओपनडब्ल्यूआरटी नांवाचें स्वतंत्र फर्मवेअर उभें राहिलें. आज तें अनेक कंपन्यांच्या पेट्यांवर चालतें. घंटेच्या प्रकारानंतर बंधूंनीं तें चालेल असा राउटर पाहून आणला, आणि एका दुपारीं कंपनीचें फर्मवेअर काढून हें बसविलें. त्याचा मला आवडलेला गुण हा, कीं मूळ स्थितींत तें आपण होऊन स्वतःला बदलीत नाहीं. घरच्या माणसानें सांगितलें तरच बदलतें.

"दादा, आतां कोणाची बिशाद नाहीं याला हात लावायची," बंधू म्हणाले. "आतां हें दहा वर्षें असेंच ठेवूं."

येथें मात्र माझें व त्यांचें जमलें नाहीं. २०१८ च्या मे महिन्यांत व्हीपीएनफिल्टर नांवाचा एक उपद्रव उघडकीस आला. त्यानें निदान ५४ देशांतल्या कमींत कमी पांच लाख उपकरणांत शिरकाव केला होता, आणि त्यांत घरगुती राउटरांचा भरणा मोठा होता. जुन्या, न बुजविलेल्या फटी हीच अशा चोरांची वाट. नको असलेली सुधारणा नाकारणें हा आपला हक्क खरा. पण नाकारून स्वस्थ बसणें म्हणजे पहारेकऱ्याला कायमची सुटी देणें. कंपनीनें आमच्या घरांत हात घातला, हा राग खरा असला तरी जें काम ती वाईट रीतीनें करीत होती, तें काम आतां आमच्यावर आलें होतें. बंधूंना हें पटण्यास आठ दिवस लागले.

तेव्हांपासून आमच्या घरीं इंग्रजी महिन्याचा पहिला रविवार राउटरचा. नवी आवृत्ति आली आहे काय, तिनें काय बदलणार, हें बंधू आधीं वाचून काढतात. सर्व सेटिंगांची एक प्रत संगणकावर व एक निराळ्या जागीं ठेवली जाते. बाहेरून आणून बसविलेल्या जादा आज्ञावल्या नव्या आवृत्तींत बहुधा टिकत नाहींत, म्हणून त्यांची यादी वहींत असते. उतरवून घेतलेल्या फाईलीची ओळख-संख्या प्रसिद्ध केलेल्या संख्येशीं ताडून पाहतात. पेटी इन्व्हर्टरवर लावतात, कारण काम अर्धें झालें असतां वीज गेली तर ती निकामी होण्याचें भय असतें. मग सुधारणा लागते. आणि ती लागल्यावर पहिलें काम म्हणजे अण्णांच्या खोलींत जाऊन घंटा दाबणें. हें काम त्यांनीं स्वतःकडे घेतलें आहे, आणि मोबाईल वाजेपर्यंत ते बटणावरचा अंगठा काढीत नाहींत. फट मोठी असल्याची बातमी आली, तर रविवारची वाट आम्ही पाहत नाहीं.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. इंटरनेट पुरविणारी मंडळी जी पेटी स्वतः देतात, तिच्यावर त्यांचाच ताबा असतो. टीआर-०६९ नांवाची दूरून व्यवस्था पाहण्याची एक ठरलेली रीत २००४ पासून आहे. अशा रीतीनें ते घरीं न येतां पेटी बदलूं शकतात. म्हणून ती पेटी नुसत्या दुव्यासारखी, ब्रिज मोडवर, ठेवावी आणि घराचें नियम-नियंत्रण मागच्या आपल्या राउटरकडे द्यावें. या दूरच्या दाराची दुसरी बाजूही आहे. २०१६ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील डॉइच टेलिकॉमच्या सुमारें नऊ लाख ग्राहकांचे राउटर अशाच व्यवस्थेच्या दारावर झालेल्या हल्ल्यानें लुळे पडले. आणि ते पुन्हां उभे केले तेही कंपनीनें तांतडीनें पाठविलेल्या सुधारणेनें. दार तेंच, त्यांतून चोर येतो आणि वैद्यही येतो. ज्या घरांत लक्ष घालण्यास कोणी नाहीं, त्यांनीं आपोआप सुधारणा चालू ठेवावी, हेंच शहाणपणाचें.

सुधारणा आणि संमति यांचें वैर आहे, असें मात्र नाहीं. जर्मनींतच फ्रायफुंक नांवाची, हौशी मंडळींनीं चालविलेली सार्वजनिक बिनतारी जाळ्यांची चळवळ आहे. तिच्यांत वापरल्या जाणाऱ्या ग्लुऑन या फर्मवेअरमध्यें आपोआप सुधारणेची सोय आहे. पण ती एकाच्या शब्दावर लागत नाहीं. ठरलेल्या संख्येइतक्या जबाबदार माणसांच्या संगणकी सह्या तिच्यावर असाव्या लागतात, आणि एकाच रात्रीं सर्वत्र न जातां ती कांहीं दिवसांत विभागून जाऊं शकते. युरोपीय संघानेंही २०२४ सालीं केलेल्या कायद्यांत हाच तोल धरला आहे. योग्य तेथें संरक्षणाच्या सुधारणा मुळांत आपोआप लागणाऱ्या असाव्यात, परंतु त्या नाकारण्याची वाट स्पष्ट व सोपी असावी, त्या लांबणीवर टाकतां याव्यात आणि त्यांची सूचना मिळावी, असें तो म्हणतो. त्यांतील मुख्य बंधनें ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचीं आहेत.

चार समंजस माणसें एकत्र राहूं लागलीं कीं हा नियम त्यांना आपोआपच सुचतो. घरांत नवें यावें, जरूर यावें. पण तें कडी वाजवून यावें. आणि कडी वाजेल तेव्हां उठून दार उघडणारें कोणी तरी घरांत जागें असावें.